किनाऱ्यालगतचं निलगिरीचं रान कसं मोजायचं आणि कसं वाचायचं

निलगिरी म्हटलं की आपल्याकडे लागवडीच्या सरळ ओळीच डोळ्यांसमोर येतात. एकाच वर्षी लावलेली, एकाच जाडीची झाडं आणि खाली जेमतेम गवत. या झाडांच्या मायभूमीत, म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण किनाऱ्यावर, त्यांचं नैसर्गिक रान अगदी वेगळं दिसतं. वर निलगिरीचं विरळ छत असतं, मधे पानझडी झाडांचा थर, खाली डोक्याएवढं गवत आणि त्या गवतात गुडघ्याएवढी राहिलेली निलगिरीचीच पिलावळ. शिवाय जागा बदलली की रान बदलतं. तिथल्या डार्विन शहराजवळच्या पठारावर आणि समोरच्या मेलव्हिल बेटावर मुख्य जाती त्याच आहेत, तरी एकीकडे झाडं पंधरा-वीस मीटरवर थांबतात आणि दुसरीकडे ती उंची सहज ओलांडून जातात.

हा फरक पावसाचा, असं सांगून बहुतेक जण मोकळे होतात. माझ्या मते ते अर्धंच उत्तर आहे. पाऊस फक्त वरची मर्यादा ठरवतो. त्या मर्यादेच्या खाली एखादं रान नेमकं कुठे अडकलंय, हे जमीन, चक्रीवादळ आणि वणवा मिळून ठरवतात. मोजणी करताना या तिघांचा हात वेगळा ओळखता आला पाहिजे, नाहीतर वहीत आकडे भरपूर जमतात आणि हाती काही लागत नाही. वनस्पतिशास्त्राचे किंवा पर्यावरणाचे विद्यार्थी, शिकायला वा नोकरीला डार्विन-केर्न्सकडे गेलेले आपले लोक, कोणालाही महागड्या उपकरणांशिवाय हे काम करता येईल अशा बेताने पायऱ्या लिहितो आहे.

पहिली पायरी: तुलनेसाठी ठिकाणं निवडणं

ठिकाणं अशी घ्या की त्यांच्यात एक गोष्ट सारखी असेल आणि एक ठळक वेगळी. मी चार नावं सुचवेन.

गन पॉइंट डार्विनच्या ईशान्येला आहे, गाडीने तासाभराच्या आसपास. डार्विनला वर्षाला सरासरी १७०० मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत. दुसरं ठिकाण मेलव्हिल बेट, तिवी बेटांपैकी मोठं. या बेटांच्या वायव्य टोकाकडे पाऊस २००० मिलिमीटरपर्यंत जातो आणि पूर्वेकडे तो बराच कमी होतो. म्हणजे एकाच बेटसमूहावर पावसाची उतरंड मिळते, शिवाय जाती त्याच राहतात. तिसरं कोबर्ग द्वीपकल्प, जिथे समुद्र तिन्ही बाजूंनी आहे. चौथं मात्र मुद्दाम लांबचं: क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर टली, कार्डवेल आणि इंगम यांच्यामधली सखल पट्टी. टलीला वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथे निलगिरीच्या रानाला खेटून वर्षावन उभं असतं. तिथल्या जाती वेगळ्या आहेत, त्यामुळे हे ठिकाण झाडाशी झाड ताडून पाहायला उपयोगाचं नाही. पण बाकीच्या तीन ठिकाणांवर काढलेले निष्कर्ष घासून पाहायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

परवानगीचं काम सगळ्यात आधी करा. तिवी बेटं तिथल्या तिवी लोकांच्या मालकीची आहेत आणि जायला तिवी लँड कौन्सिलची परवानगी लागते. कोबर्गवर गारिग गुनाक बार्लू राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे जाणारा रस्ता आर्नहेम लँड या मूळनिवासींच्या मालकीच्या प्रदेशातून जातो, त्यामुळे परवाना आधी हातात हवा. इथल्या मूळनिवासींनी हजारो वर्षं या रानात ठरवून आग लावली आहे. रानाच्या आजच्या रूपात त्यांचा वाटा आहे, म्हणून शक्य झालं तर स्थानिक रेंजर सोबत घ्या. नकाशात न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी ते उभ्या-उभ्या सांगतात.

काम मे ते जुलैमध्ये करा. रस्ते उघडलेले असतात, उन्हाचा ताप कमी असतो. एप्रिलमधल्या वळवासारख्या वादळी सरींनी उंच गवत आडवं केलेलं असतं, त्यामुळे खोडांपर्यंत पोचता येतं. ऑगस्टनंतर मधल्या थरातली झाडं पानं गाळतात. एका ठिकाणी जूनमध्ये आणि दुसऱ्या ठिकाणी सप्टेंबरमध्ये पर्णछत्र मोजलं, तर जो फरक सापडेल तो ठिकाणांचा नसेल, ऋतूंचा असेल.

दुसरी पायरी: किनाऱ्यापासून आत चालत जा

टेप पसरण्याआधी वाळूपासून आतपर्यंत एक सरळ रेष चालून घ्या. पहिल्याच शंभर पावलांत कोकणातल्या माणसाला ओळखीचं भेटेल. वाळूच्या कडेला सुरू उभा असतो. आपल्याकडे किनाऱ्यावर लावलेला तोच, इथे मात्र आपणहून उगवलेला. खाडीच्या चिखलात तिवर आहेत आणि त्यातली एक जात आपल्या खाड्यांमधलीच आहे. मागे जुन्या वाळूच्या बांधांवर वेलींनी गच्च भरलेली दाट झाडी, सखल पाणथळ जागी कागदासारखी साल सुटणारी मेलाल्यूका, आणि त्याच्या कडेला केवड्याच्या कुळातली पॅन्डॅनस.

निलगिरी सुरू होते ती यानंतर, जमीन जरा उंचावली आणि पाणी निचरायला लागलं की. ही सीमा कुठे आहे ते नोंदवा: समुद्रापासूनचं अंतर, पाणथळापासूनची उंची. गन पॉइंटसारख्या ठिकाणी अवघ्या मीटर-दोन मीटरच्या चढाने रान पालटतं. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून राहणाऱ्या जागी डार्विनची मुख्य निलगिरी टिकत नाही. म्हणून समुद्र जवळ आहे तर रान खुजं असणार, असं धरून चालू नका. खुजेपणा खाऱ्या वाऱ्याचा आहे की साचलेल्या पाण्याचा, हे या चालण्यातच बऱ्यापैकी कळतं. वाऱ्याने खुजी झालेली झाडं समुद्राच्या उलट दिशेला कलतात आणि त्यांचे शेंडे समुद्राच्या बाजूने वाळलेले असतात. पाण्याने खुजी राहिलेली झाडं सरळ असतात, पण अंतराअंतरावर, आणि त्यांच्यात मेलाल्यूका मिसळलेली दिसते.

मगरींबद्दल एकदाच सांगतो: खाडी, ओढा, पाणथळ, कुठल्याच काठावर रेंगाळू नका. खाऱ्या पाण्यातली मगर तिथे खरोखर असते.

तिसरी पायरी: प्लॉट टाकणं

ऑस्ट्रेलियात मोठ्या सर्वेक्षणांसाठी १०० बाय १०० मीटरचा, म्हणजे एक हेक्टरचा प्लॉट वापरतात. दोघे जण असाल तर ५० बाय ५० मीटरचे तीन-चार प्लॉट बरे. पण सगळ्या ठिकाणी माप एकच ठेवा. मोठी झाडं विरळ असतात, त्यामुळे २० बाय २० मीटरच्या चौकोनात एखादं दांडगं झाड आलं तर आकडा फुगतो आणि नाही आलं तर कोसळतो.

जागा डोळ्यांनी निवडू नका. घरी बसून नकाशावर आकड्यांनी बिंदू पाडा आणि जीपीएसने तिथे जा. रानात पोचल्यावर पाय आपोआप सावलीच्या, उंच झाडांच्या जागेकडे वळतात. तसा प्लॉट टाकला की रान आहे त्यापेक्षा दाट ठरतं.

चौथी पायरी: झाडं ओळखणं

डार्विन, तिवी आणि कोबर्ग या तिन्ही ठिकाणी दोन-तीन जातींवर हात बसला की निम्म्याहून अधिक काम होतं. युकॅलिप्टस टेट्रोडॉन्टाची साल दोरखंडासारखी तंतुमय असते आणि ती बुंध्यापासून वरच्या फांद्यांपर्यंत जाते. कळीच्या कडेला चार बारीक दातरे असतात. याच सालीच्या मोठ्या पट्ट्या सोलून, आगीवर सपाट करून आर्नहेम लँडचे कलाकार त्यांवर चित्रं काढतात. युकॅलिप्टस मिनिआटाचा खालचा बुंधा खडबडीत असतो आणि त्यावरचं खोड एकदम गुळगुळीत पांढरं होतं. फुलं भडक नारिंगी आणि फळं कंगोरे असलेली, लाकडासारखी टणक. तिवी बेटांवर यांच्या जोडीला कॉरिंबिया नेसोफिला भरपूर आहे: साल चौकटी पडल्यासारखी भेगाळलेली आणि फळ मडक्याच्या आकाराचं.

मधल्या थरात आपल्या माणसाला घरचं वाटेल. टर्मिनालिया आहे, म्हणजे आपल्या ऐन, हिरडा, बेहड्याच्या वंशातलं झाड. बुकॅनानिया आहे, म्हणजे चारोळीचं भावंड. ही झाडं कोरड्या ऋतूत पानं गाळतात, वरची निलगिरी मात्र हिरवी राहते. म्हणून रानाचे थर लिहिताना सदाहरित किती आणि पानझडी किती, हा रकाना ठेवाच.

पाचवी पायरी: मोजणं

खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर घ्या. आपल्या वनखात्याच्या रीतीत हीच उंची १.३७ मीटर धरतात, तेव्हा भारतातल्या आकड्यांशी ताडून पाहायचं असेल तर हा फरक नोंदवून ठेवा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. समजा घेर ९४ सेंटिमीटर आहे, तर व्यास साधारण ३० सेंटिमीटर आणि त्या उंचीवरचं खोडाचं छेदक्षेत्र साधारण ०.०७१ चौरस मीटर. प्लॉटमधल्या सगळ्या खोडांच्या छेदक्षेत्राची बेरीज हेक्टरी किती होते, हा रानाचा सगळ्यात भरवशाचा एकटा आकडा. डार्विनच्या आसपासच्या चांगल्या रानात तो हेक्टरी १० चौरस मीटरच्या मागेपुढे येतो.

एका मुळातून दोन-तीन खोडं निघाली असतील तर प्रत्येक खोड वेगळं मोजा, पण शेजारी ‘एकच झाड’ अशी खूण करा. ती पुढे फार कामाला येते. बुंध्याला वाळवीचं वारूळ चिकटलेलं असेल तर टेप त्याच्या वर सरकवा आणि ती उंची लिहा. दीड मीटरपेक्षा बुटकी पिलावळ घेराने मोजता येत नाही. तिच्यासाठी प्लॉटच्या आत ५ बाय ५ मीटरचे काही छोटे चौकोन घ्या आणि नुसती मोजदाद करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर सहाव्या पायरीला काहीच अर्थ उरत नाही.

उंचीसाठी क्लिनोमीटर किंवा फोनमधलं कोनमापक पुरतं. झाडापासून २० मीटरवर उभे राहा. शेंड्याचा कोन ४० अंश आला तर २० गुणिले ०.८४ म्हणजे १६.८ मीटर, त्यात डोळ्यांची उंची १.६ मिळवा, झाले १८.४ मीटर. सगळी झाडं मोजायची गरज नाही. प्रत्येक जाडीच्या गटातली काही घ्या.

पर्णछत्राचे आकडे घेताना रेषेवर दर मीटरला वर पाहा आणि त्या बिंदूवर पान आहे की आकाश, एवढंच लिहा. ऑस्ट्रेलियात १९७० सालची स्पेख्ट यांची वर्गवारी रुळलेली आहे. तिच्यानुसार १० ते ३० मीटर उंच झाडांचं पर्णाच्छादन ३० ते ७० टक्के असेल तर ते खुलं वन आणि १० ते ३० टक्के असेल तर विरळ वन. इथे पानांनी खरोखर झाकलेला भाग धरतात. शेंड्याचा बाहेरचा घेर धरला की टक्केवारी फुगते, कारण निलगिरीची पानं लोंबती असतात आणि शेंड्यातून आकाश भरपूर दिसतं.

सहावी पायरी: जाडीचा आलेख आणि त्यातली भोकं

माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचा गाभा इथे आहे. खोडांचे ५ सेंटिमीटरच्या फरकाने गट पाडा आणि प्रत्येक गटात हेक्टरी किती खोडं आहेत याचे उभे दांडे काढा. सरासरी व्यास, सरासरी उंची हे आकडे दोन अगदी भिन्न रानांचे सारखे येऊ शकतात. आलेख मात्र रानाचा इतिहास सांगतो.

निर्धोक वाढणाऱ्या रानात बारीक खोडं सर्वाधिक असतात आणि जाडी वाढेल तसे दांडे उतरत जातात. उत्तर ऑस्ट्रेलियात असा आलेख क्वचितच मिळतो. बहुतेक वेळा डावीकडच्या टोकाला गुडघ्याएवढ्या फुटव्यांची प्रचंड गर्दी असते, मग ३ ते १० सेंटिमीटरच्या गटांत मोठी खिंड आणि त्यानंतर पुन्हा मोठी झाडं. ही खिंड वणव्याची. निलगिरीच्या रोपाला जमिनीलगत लाकडाची गाठ असते. आग वरचा भाग जाळते, गाठ जगते आणि पुन्हा फुटते. डार्विनच्या पठारावर बऱ्याच जागी दर दोन-तीन वर्षांनी गवत पेटतं, त्यामुळे तेच रोप वर्षानुवर्षं फुटतं आणि जळतं. सलग काही वर्षं आगीविना मिळाली आणि शेंडा ज्वाळांच्या वर पोचला, तरच त्याचं झाड होतं. खिंड जितकी रुंद, तितकी आग वारंवार किंवा तिखट.

खिंड उजवीकडे, म्हणजे जाड खोडांच्या बाजूला असेल तर चक्रीवादळाचा संशय घ्या. इथल्या बहुतेक मोठ्या निलगिरींचा गाभा वाळवीने पोखरलेला असतो. डिजेरिडू हे वाद्य अशाच पोकळ खोडांपासून बनतं. जोराच्या वाऱ्यात ही पोकळ खोडं आधी मोडतात. मग बुंध्यातून एकदम फुटवे येतात आणि पन्नासेक वर्षांनी एकाच जाडीच्या, जोडखोडाच्या झाडांचा एक उंच दांडा आलेखात उभा राहतो. पाचव्या पायरीतली ‘एकच झाड’ ही खूण इथे कामी येते. डार्विन परिसरात असा दांडा दिसला तर २५ डिसेंबर १९७४ चं ट्रेसी चक्रीवादळ आठवा.

एक सावधगिरी बाळगा: जाडीवरून वय काढू नका. या निलगिरीत वर्षाची वलयं भरवशाची नसतात, आणि दहा सेंटिमीटरचं खोड दहा वर्षांचं असू शकतं तसं मुळाने शंभरीचंही.

सातवी पायरी: कारण पक्कं करणं

आलेखाने संशय दिला, आता पुरावा शोधा.

जमीन आधी पाहा, कारण त्यात खर्च कमी आणि उत्तर पक्कं. हातगिरमिटाने मीटरभर खोल भोक पाडा. डार्विनच्या पठाराखाली जांभा आहे, कोकणातल्या सड्यांवर असतो तसाच तांबडा आणि भोकाळ. त्यावर लाल मातीचा जाड थर असेल तिथे टेट्रोडॉन्टा आणि मिनिआटाचं उंच रान होतं, कारण कोरड्या महिन्यांत मुळं खोलवरचं पाणी ओढतात. गिरमीट हातभर खोलीवरच खडखडलं तर रान खुजं राहण्याचं कारण तिथेच मिळालं. वादळ आणि वणव्याला दोष द्यायची घाई करू नका.

वणव्यासाठी उत्तर ऑस्ट्रेलियाची नाफी नावाची नकाशा-सेवा आहे. तिच्यावर २००० सालापासूनचे जळीत पट्टे दिसतात. तुमचा प्लॉट किती वर्षं जळला आणि त्यातल्या किती आगी जुलैनंतरच्या होत्या, हे वेगवेगळं मोजा. मे-जूनची आग बुटकी आणि तुटक असते. ऑगस्ट-सप्टेंबरची आग शेंड्यापर्यंत जाते. डार्विनच्या पूर्वेकडच्या काकडू राष्ट्रीय उद्यानाच्या भागातले बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. त्यातल्या येग्गे ऋतूत मिनिआटाला फुलं आली की तुकड्यातुकड्याने जाळायला सुरुवात करतात. रानातही वाचता येतं: तंतुमय सालीवरचा काळा पट्टा किती उंच गेलाय ते मोजा. त्यातच सायप्रस-पाइन म्हणजे कॅलिट्रिस भेटला तर थांबा. हे झाड आग सोसत नाही, जळाल्यावर बुंध्यातून फुटत नाही. त्याची लहान रोपं दिसली तर तिथली आग सौम्य आहे. नुसते म्हातारे सांगाडे दिसले तर पूर्वी सौम्य होती, आता नाही.

गवतही पाहा. चराईसाठी आफ्रिकेतून आणलेलं गांबा गवत चार मीटरपर्यंत वाढतं आणि त्याची आग स्थानिक गवताच्या आगीपेक्षा कैक पटींनी दाहक असते. प्लॉटमध्ये गांबा असेल तर तो प्लॉट वेगळ्या गटात टाका. त्याची सरासरी इतरांत मिसळली तर सगळं गढूळ होईल.

वादळासाठी ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याकडे जुन्या चक्रीवादळांचे मार्ग मिळतात. रानात पडलेल्या ओंडक्यांच्या दिशा होकायंत्राने घ्या. सगळे एकाच दिशेला असतील, किंवा वादळाचा डोळा वरून गेल्यामुळे दोन विरुद्ध दिशांना असतील, तर वारा. वाटेल तसे विखुरलेले असतील तर वाळवी, आग आणि वय. मात्र ओंडके वणव्यात जळून जातात, तेव्हा जुन्या वादळासाठी मुळासकट उपटलेल्या झाडाचा खड्डा आणि शेजारचा मातीचा उंचवटा शोधा. शेंडा तुटून त्याच्या खाली फांद्यांचा झुपका आलेली जिवंत झाडंही मोजा.

आठवी पायरी: ठिकाणं शेजारी ठेवणं

आता क्रम पाळा. आधी पावसाने किती फरक पडायला हवा ते धरा, मग मातीची खोली, मग वादळ, शेवटी वणवा. तिवीच्या वायव्येकडचं रान गन पॉइंटपेक्षा उंच असणं पावसाला आणि खोल मातीला धरून आहे. पण पाऊस सारखा असूनही कोबर्गच्या एखाद्या प्लॉटमध्ये जाड खोडं कमी आणि जोडखोडं जास्त निघाली, तर मार्च २००५ च्या इन्ग्रिड वादळाचा मार्ग तपासायला हवा.

आणि मग कार्डवेलकडे या. तिथे पॉप्लर गम म्हणजे युकॅलिप्टस प्लॅटिफिला असते, गुळगुळीत पिठूळ खोडाची. तिच्यासोबत टेरेटिकॉर्निस, जी ‘मैसूर गम’ या नावाने आपल्याकडच्या लागवडीत सर्वत्र पसरली. डार्विनकडे रानाचा शत्रू तिखट आणि वारंवार आग. इथे गोष्ट उलटी आहे. पाऊस इतका की आग कमी झाली की निलगिरीच्या खाली वर्षावनाची झुडपं आणि इतर झाडी दाटत जाते आणि निलगिरीच्या रोपांना ऊन मिळेनासं होतं. याच पट्टीत महॉगनी ग्लायडर नावाचा दुर्मिळ प्राणी राहतो. तो झाडावरून झाडावर तरंगत जातो, त्याला खोडांमध्ये मोकळी जागा लागते आणि जुन्या झाडांच्या ढोली लागतात. ३ फेब्रुवारी २०११ च्या यासी चक्रीवादळाने या पट्टीतली मोठी झाडंही पाडली. तिथल्या आलेखात निलगिरीच्या बारीक खोडांची खिंड दिसली, तर ती डार्विनच्या खिंडीसारखीच दिसेल. कारण मात्र जास्त आगीऐवजी कमी आग असेल. ओळखायचं कसं? छोट्या चौकोनांतली पिलावळ पाहा. डार्विनकडे निलगिरीचे फुटवे भरपूर असतात, फक्त वर जात नाहीत. कार्डवेलला दाटलेल्या जागी फुटवेच नसतात आणि त्यांच्या जागी रुंद पानांची, सावली सोसणारी रोपं असतात.

नोंदवहीत प्रत्येक प्लॉटपुढे मोजणीची तारीख, शेवटच्या आगीचं वर्ष, मातीची खोली आणि समुद्रापासूनचं अंतर लिहा. चारही कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या ठोका, जीपीएसचे आकडे ठेवा, जमिनीच्या मालकांना नोंदीची प्रत द्या. पाच वर्षांनी त्याच खोडांवर पुन्हा टेप लावता आला, तर कोणती रोपं खिंड ओलांडून गेली हे नावानिशी सांगता येईल.